योजना आखायची ती वाईट दिवसासाठी: व्यायाम आणि आहाराची घडी बसवताना

व्यायामाच्या आणि डाएटच्या बहुतेक योजना आपण निवांत वेळी आखतो. पोट भरलेलं असतं, झोप झालेली असते, उत्साह असतो. मग कागदावर येतं: पहाटे उठून तासभर व्यायाम, साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण लवकर. ही योजना पाळायची वेळ येते तेव्हा मात्र आपण थकलेले असतो, काम लांबलेलं असतं, घरात कोणीतरी आजारी असतं. एकाने आखलेली योजना दुसऱ्यानेच पाळायची, असा हा प्रकार. नव्याचे नऊ दिवस संपले की दोष इच्छाशक्तीच्या माथी मारून आपण मोकळे होतो.

बैठं काम, सुटत चाललेलं पोट आणि दोन जिने चढले की लागणारी धाप, इथून माझी सुरुवात झाली. यातून बाहेर येताना मला सर्वांत जास्त उपयोग एकाच गोष्टीचा झाला: प्रत्येक सवयीचा इतका छोटा हप्ता ठरवायचा की सगळ्यात वाईट दिवशीही तो भरता येईल. चांगल्या दिवशी त्याहून जास्त करायला कोण अडवतंय? खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात असं माझं मत आहे. एक अंगवळणी पडली की पुढची. सगळ्या एकदम सुरू केल्या तर सगळ्या एकदमच सुटतात.

त्याआधी एक काम

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, सांध्यांची जुनी दुखणी, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवल्यावर किंवा खाणं बदलल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते आणि औषधाचा डोस बदलावा लागतो. चालताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा श्रमाच्या मानाने फारच धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि दाखवून घ्यायचं. आणि खाण्याशी तुमचं नातं आधीच बिघडलेलं असेल, म्हणजे उपाशी राहणं, मग बेसुमार खाणं, मग स्वतःला शिक्षा करणं असं चक्र असेल, तर खालचे आकडेमोडीचे भाग सोडून द्या आणि जाणकाराची मदत घ्या.

पायरी १: दोन आठवडे फक्त नोंद

या दोन आठवड्यांत काहीही बदलायचं नाही. हे सांगितलं की लोक नाराज होतात, कारण सगळ्यांना उद्यापासून काहीतरी सोडायचं असतं. पण आपण किती खातो आणि किती हलतो याचा आपला अंदाज फार कच्चा असतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ‘कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लोकांचं प्रत्यक्ष खाणं मोजलं गेलं. त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ते खोटं बोलत नव्हते. भांड्यातून उचललेला घास, चहाबरोबरचं बिस्किट, मुलाच्या ताटात उरलेलं, हे आपल्या हिशेबातच येत नाही.

म्हणून एक वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा. काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, आणि भूक लागली होती की नुसतंच तोंड चाळवलं होतं. कॅलरी लिहू नका, अजून नाही. रोजची पावलं, झोपायची आणि उठायची वेळ याही नोंदी असू द्या. दोन आठवड्यांनी वही चाळलीत की तुमच्या गडबडीची जागा दिसते. कोणाची ती दुपारी चार ते सहामध्ये असते, कोणाची रात्री जेवणानंतर स्क्रीनसमोर, कोणाची फक्त सुट्टीच्या दिवशी. पुढचं काम सरसकट सगळ्या दिवसावर करायचं नसून त्या जागेवर करायचं आहे.

वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही लागते. कमरेचा घेर मोजताना बेंबीवरच पट्टी ठेवायची असा समज आहे, पण तसं करू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोघांच्या मधोमध पट्टी फिरवा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, आणि मग आकडा वाचा. हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १७० सेंटीमीटर असेल तर कंबर ८५ च्या आत. बीएमआयपेक्षा मला हा आकडा जास्त बोलका वाटतो. वजन भागिले उंचीचा वर्ग हे बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने १९व्या शतकात मांडलं ते लोकसंख्येच्या अभ्यासासाठी. चरबी कुठे साठली आहे हे त्यातून कळत नाही, आणि पोटातली चरबीच जास्त त्रासदायक असते.

वजन रोज करायचं तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, आणि पाहायची ती आठवड्याची सरासरी. एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. जेवणातलं मीठ, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा व्यायाम, सगळं त्यात येतं. शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात मोठा वाटा याच पाण्याचा असतो, आणि डाएट सोडल्यावर दोन दिवसांत ‘वाढलेल्या’ वजनातही.

पायरी २: चालणं

दहा हजार पावलांचा आकडा कोणत्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होतो. जाहिरातीचा आकडा जगभर नियम होऊन बसला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वयस्क स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि साधारण ७,५०० नंतर त्या फायद्यात फारशी भर पडली नाही. तात्पर्य एवढंच की सर्वांत मोठी कमाई तळाशी आहे. तीन हजारांवरून पाच हजारांवर जाणारा माणूस नऊवरून अकरा हजारांवर जाणाऱ्यापेक्षा जास्त मिळवतो.

बसून राहण्याची किंमत किती, हे जेरेमी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या बसवर दाखवलं. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकाराचा त्रास जास्त होता, तर दुमजली बसचे जिने दिवसभर चढउतर करणाऱ्या कंडक्टरांना कमी. त्यासाठी त्या कंडक्टरांना जिमला जावं लागलं नव्हतं.

करायचं असं. नोंदवहीतली रोजची सरासरी पावलं घ्या आणि त्यात हजार मिळवा. दोन-तीन आठवडे तेवढंच. जमलं की आणखी हजार. किमान हप्ता म्हणून मी दहा मिनिटं ठरवली होती: पाऊस असो, पाहुणे असोत, दहा मिनिटं घरातल्या घरात येरझारा घातल्या तरी चालतील. जेवणानंतर लगेच चाललात तर रक्तातली साखर कमी उसळते, त्यामुळे ही दहा मिनिटं जेवणाला जोडून टाकली तर एका दगडात दोन पक्षी.

वेग किती असावा हे घड्याळाला विचारायची गरज नाही. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम तीव्रता. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम हवा. पूर्वी ‘सलग किमान १० मिनिटं’ अशी अट होती, ती यात काढून टाकली आहे. पाच मिनिटांचा जिनाही मोजला जातो.

पायरी ३: ताकद

इथेच बहुतेक लोक कच खातात. चालणं सुरू राहतं, वजनं उचलणं ‘तरुण पोरांचं काम’ म्हणून बाजूला पडतं. माझ्या मते पन्नाशीच्या पुढच्या माणसाला ते पोरांपेक्षा जास्त लागतं. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचं वस्तुमान काही टक्क्यांनी घटत जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हातारपणी खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता येणं, ठेच लागल्यावर तोल सावरता येणं, हे सगळं मांड्यांच्या ताकदीवर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद दोन्हींचा.

सुरुवातीला जिम नको, पाच हालचाली पुरतात: बसून उठणं, ढकलणं, ओढणं, वाकून उचलणं आणि ताठ धरून ठेवणं.

बसून उठणं जरा जवळून पाहू, कारण बाकीच्यांची किल्ली त्यात आहे. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यापुढे पाठ करून उभे राहा, पाय खांद्यांइतके लांब, चवडे किंचित बाहेर. आधी कंबर मागे जाऊ द्या, जणू पार्श्वभागाने खुर्ची शोधताय, आणि मग गुडघे वाकवा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत. आत झुकले तर वजन हलकं करा किंवा खुर्ची उंच घ्या. खाली जायला मनात तीन आकडे मोजा. खुर्चीवर धपकन बसू नका, नुसता स्पर्श करा. टाचा जमिनीवर दाबून उठा, उठताना श्वास सोडा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवा आणि हात टेबलावर टेकवा. सोपं वाटायला लागलं की उशी काढा, मग टेबल सोडा, मग खुर्ची काढा, मग छातीशी पाण्याची भरलेली बाटली किंवा पुस्तकांनी भरलेली पिशवी धरा.

ढकलण्यासाठी जोर, पण सुरुवात भिंतीवर. मग ओट्याच्या उंचीवर, मग खुर्चीवर, शेवटी जमिनीवर. शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत, कंबर खचू द्यायची नाही. ओढण्यासाठी एक हात टेबलावर टेकवून पुढे झुका आणि दुसऱ्या हाताने भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढा. वाकून उचलताना पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाका, वजन अंगाजवळ ठेवा. धरून ठेवण्यासाठी कोपरांवरचा प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि चवडे टेकवून शरीर ताठ धरणं, आणि तो जमेपर्यंत गुडघे टेकवून. प्लँकमध्ये मिनिटांची शर्यत लावू नये. थरथर सुरू झाली की झालं.

प्रत्येक हालचालीचे दोन किंवा तीन सेट (मध्ये विश्रांती घेऊन केलेल्या फेऱ्या), प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ वेळा. अजून दोनच निघतील असं वाटेल तिथे थांबायचं. अगदी दम निघेपर्यंत करायची गरज नाही, पण वीस सहज निघत असतील तर ते वजन तुमच्यासाठी हलकं झालेलं आहे. हळूहळू भार वाढवत न्यायची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या थॉमस डेलॉर्म या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या उपचारांत रुजवली. तोपर्यंत दुखऱ्या सांध्यांना विश्रांती आणि हलका व्यायामच दिला जायचा. भार वाढायला हवा, हे तेव्हापासून बदललेलं नाही.

पहिल्या आठवड्यात अंग आंबणार. हे दुखणं व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आपोआप उतरतं. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच बाजूला, हालचाल करतानाच उठणारं दुखणं मात्र वेगळं. तिथे ती हालचाल थांबवा. दोन व्यायामांत किमान एक दिवस जाऊ द्या. आणि पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते हा समज सोडून द्या. शरीर चरबी कुठून काढायची हे स्वतः ठरवतं.

ताकदीचा किमान हप्ता: पाच उठाबशा आणि भिंतीवरचे पाच जोर. दोन मिनिटांचं काम. हे हास्यास्पद वाटतं, म्हणूनच चुकत नाही.

पायरी ४: ताट

खाण्याकडे इतक्या उशिरा वळायचं कारण साधं आहे. हालचालीच्या सवयीत काहीतरी मिळवायचं असतं, खाण्याच्या सवयीत बहुतेकांना काहीतरी सोडायचं असतं, आणि मिळवण्याचा अनुभव आधी आला की सोडणं कमी टोचतं. शिवाय इथेही सुरुवात सोडण्यापासून करायची नाही. आधी भर घाला.

पहिली भर प्रथिनांची. बैठ्या प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम ही किमान गरज धरतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना किंवा वय झालेल्यांना १.२ ग्रॅमच्या आसपास बरं. ७० किलोच्या माणसाला म्हणजे ५६ ते ८४ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.) प्रत्यक्षात हे कसं दिसतं? दोन अंडी आणि पेलाभर दूध मिळून साधारण २० ग्रॅम. दुपारी २०० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं आणि तेवढंच दही, मिळून जवळपास २४. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, ७. रात्री १०० ग्रॅम मासे, २२ च्या आसपास. मासे खात नसाल तर पुन्हा कडधान्यं आणि दूध-दही वाढवा. धान्यांतून दिवसभरात १०-१५ ग्रॅम असेच येतात. बेरीज ८० च्या पुढे जाते, आणि प्रोटीन पावडरचा कुठलाही डबा विकत घ्यावा लागत नाही. सगळी प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळांत वाटलेली बरी. भूक जास्त वेळ भागलेली राहते, आणि प्रथिनांतल्या उष्मांकांपैकी (म्हणजे कॅलरींपैकी) २० ते ३० टक्के तर पचनातच खर्च होतात.

दुसरी भर भाज्या आणि फळांची: दिवसाला मिळून किमान ४०० ग्रॅम. त्यातून आणि अख्ख्या धान्यांतून २५ ग्रॅम तंतू (फायबर) मिळावेत. आजवर तंतू कमी खात असाल तर एका दिवसात दुप्पट करू नका, पोट फुगेल. हळूहळू वाढवा, बरोबर पाणीही.

मग ताटाची मांडणी. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट प्रथिनांचा पदार्थ, पाव ताट धान्य. तुमच्या घरात जे शिजतं त्यातूनच हे जुळवा. वेगळा स्वयंपाक करावा लागला की योजना मोडलीच म्हणून समजा. वाढताना भाजी आणि प्रथिनं आधी वाढा, धान्य शेवटी. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, त्यामुळे दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थोडं थांबा. तेलाकडे लक्ष असू द्या, वैर नको. दर ग्रॅमला स्निग्ध पदार्थांत ९ उष्मांक, प्रथिनांत आणि पिष्टमय पदार्थांत ४. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक, आणि बाटलीतून थेट ओतताना एकाचे तीन कधी होतात ते कळत नाही. चमच्याने मोजून घालायची सवय लावली की चव न बदलता फरक पडतो.

बटाट्याला उगाच बदनाम केलं जातं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ३८ खाद्यपदार्थ सारख्याच उष्मांकांच्या मापाने लोकांना देऊन पोट किती भरतं ते पाहिलं. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा आला, पांढऱ्या ब्रेडच्या तिप्पट. तोच बटाटा कापून तळला की गोष्ट वेगळी होते.

पाकीटबंद खाण्याबद्दल मी जरा कडक आहे आणि त्याला कारण आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या अन्नात उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. तीच माणसं साध्या अन्नावर आली तेव्हा तेवढंच उतरलं. माणसं बदलली नव्हती, अन्न बदललं होतं.

पाकिटाची मागची बाजू वाचायची तर तीन गोष्टी पाहा. पहिली, आकडे कशाचे आहेत: १०० ग्रॅमचे की एका ‘सर्व्हिंग’चे? ६० ग्रॅमच्या पाकिटावर २० ग्रॅमचं सर्व्हिंग लिहिलेलं असेल तर सगळे आकडे तीनने गुणा, कारण पाकीट फोडल्यावर तुम्ही तिसरा हिस्सा खाऊन ठेवून देणार नाही. दुसरी, साखर. २,००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. ३३० मिलीच्या गोड शीतपेयाच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम असते. तिसरी, सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ. दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा म्हणजे २ ग्रॅम सोडियम.

आता नोंदवहीत सापडलेल्या त्या जागेकडे या. संध्याकाळी हात बिस्किटांकडे जात असेल तर बहुतेक वेळा दुपारचं जेवण अपुरं असतं. मधल्या वेळचं खाणं बंद करू नका, ठरवून टाका: चारला फळ आणि दाणे, टेबलावर आधीच काढून ठेवलेले. ज्याला मोह होतो ती वस्तू घरात आणूच नये हा उपदेश एकट्याने राहणाऱ्याला सोपा आहे. चार माणसांच्या घरात ती वस्तू वरच्या फळीवर, अपारदर्शक डब्यात ठेवणं एवढं जमतं, आणि तेवढ्यानेही पुष्कळ काम होतं.

आहाराचा किमान हप्ता: दर जेवणात एक भाजी किंवा फळ आणि एक प्रथिनांचा पदार्थ. बाहेर जेवतानाही एवढं निघतं.

वजन उतरवायचं असेल तरच

सगळ्यांनाच उतरवायचं नसतं, आणि वरच्या चार पायऱ्यांनी अनेकांचं आपोआप थोडं उतरतं. तरी हवं असेल तर रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० उष्मांक कमी, त्याहून जास्त नाही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात, म्हणजे आठवड्याला पाव ते अर्धा किलोच्या आसपास. हा वेग पुढे मंदावतो, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो.

उपासमारीचं काय होतं ते मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये दिसलं. ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं, पण त्याबरोबर चिडचिड, थंडी वाजणं, उदासी आली, आणि अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. प्रयोग संपल्यावर त्यांची भूक कित्येक आठवडे आवरेना. कडक डाएटनंतर सपाटून खाणाऱ्याला हावरट म्हणण्याआधी हे आठवावं.

आणि ‘वय झालं, चयापचय मंदावलं’ ही सबब. २०२१ मध्ये ६,४०० हून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च तपासला गेला तेव्हा शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर तो २० ते ६० या वयात जवळपास स्थिर आढळला. बदललेले असतात ते आपले बसण्याचे तास आणि घटलेला स्नायू.

झोप

यावर थोडक्यात. प्रौढांना किमान सात तास लागतात. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) चढतं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी ताटातली शिस्त सर्वांत आधी ढासळते. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो, म्हणून शेवटचा कप दुपारीच. झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की करणं सोपं जातं. झोपायची मागोमाग जुळते. झोप सात तास होऊनही दिवसभर पेंगुळल्यासारखं वाटत असेल आणि घरचे म्हणत असतील की घोरताना श्वास अडकतो, तर तपासणी करून घ्या.

बिघडलेला आठवडा

तो येणारच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ सरासरी ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने घडी बिघडली नाही, हेही त्यातच दिसलं. ‘२१ दिवसांत सवय’ हे फक्त ऐकायला बरं.

लग्नकार्य, प्रवास, परीक्षा, वर्षअखेरीचं काम: या दिवसांत फक्त किमान हप्ते. दहा मिनिटं चाल, पाच उठाबशा, ताटात एक भाजी आणि एक प्रथिनं. त्याहून जास्त करायचा अट्टहास नको. आदल्या दिवशी जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका किंवा दुप्पट धावू नका. पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या, बास. तापातून उठल्यावर व्यायाम पूर्वीच्या निम्म्यावर सुरू करा आणि आठवडाभराने वाढवा. ताप अंगात असताना व्यायाम नाहीच.

घरच्यांचा विषय नाजूक. प्रेमाने आग्रह करणाऱ्याला ‘मी डाएटवर आहे’ म्हटलं की वाद सुरू होतो. ‘पोट भरलंय, नंतर घेते’ म्हटलं तर तो होत नाही. पहिल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना सुधारायला निघणं तर टाळाच.

तीन महिन्यांनी

पुन्हा मोजा: कंबर, महिन्याभराची सरासरी वजनं, एका सेटमध्ये किती उठाबशा निघतात, दोन जिने चढल्यावर बोलता येतं का. वजन तेवढंच आणि कंबर कमी असेल तर काम बरोबर चाललं आहे: चरबी गेली, स्नायू आला. चार आठवडे काहीच हललं नसेल तर कमी खायच्या आधी आठवडाभर पहिल्या पायरीसारखी नोंद करा. बहुतेक वेळा तेल, पेयं किंवा सुट्टीचे दोन दिवस सापडतात. नोंद चोख असूनही वजन अडलं असेल, आणि तुम्ही दमलेले, चिडचिडे, सतत भुकेले असाल, तर काही आठवडे गरजेइतकं पूर्ण खा, ताकदीचा व्यायाम चालू ठेवा आणि मग पुन्हा सुरुवात करा.

किमान हप्ता वाढवायचा तो महिनाभर एकदाही जड गेला नाही तरच, आणि एका वेळी एकच. आणि एक उलटी खूण: काहीही न बदलता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलोंहून जास्त, तर त्यावर खूश न होता डॉक्टरांकडे जा आणि तपासण्या करून घ्या.